तिसरीच्या वर्गात मगर: प्राथमिक शाळेत ऑगमेंटेड रिॲलिटी कशी वापरावी?

तिसरीच्या बाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी बडोद्यात मराठी माध्यमाच्या एका प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. पटावर ३४ मुलं. घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि टीव्हीवर हिंदी अशा तीन भाषांत वावरणारी. अर्धी मला 'बाई' म्हणतात, अर्धी 'बेन', आणि मला दोन्ही आवडतं. शाळेत दोन टॅबलेट आहेत, त्यातला एक चालतो. शिवाय माझा स्वतःचा फोन.

गेल्या महिन्यात प्राण्यांच्या निवाऱ्याचा धडा होता. आमच्या गावाच्या मधोमध विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की खरं वाटत नाही, पण थंडीत पुलावरून खाली बघितलं तर काठावर ऊन खात पडलेली मगर आमच्या मुलांना सहज दिसते. म्हटलं, मगरीपासूनच सुरुवात करू. ऑगमेंटेड रिॲलिटीचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यात तिथे नसलेली वस्तू उभी करणारं, एक मोफत ॲप सापडलं. कॅमेरा जमिनीकडे धरायचा, प्राणी निवडायचा, की तो खऱ्या आकारात समोरच्या फरशीवर उभा राहतो. आपण चालत त्याच्या मागे गेलो तर शेपटी दिसते, वाकलो तर पोट दिसतं. घरी करून बघितलं तेव्हा मी स्वतः दहा मिनिटं तिच्याभोवती फिरत होते.

वर्गात मात्र निराळंच झालं. आधी मगर फरशीवर बसेचना. कधी हवेत तरंगे, कधी भिंतीत घुसे. बसली तेव्हा पुढच्या सहा मुलांना ती दिसली आणि मागच्या अठ्ठावीस जणांना त्या सहांची डोकी दिसली. मग मी फोन घेऊन बाकाबाकावर फिरले. "मला बघू, मला बघू" यातच तास संपला.

दोन गोष्टी मात्र मनात राहिल्या, त्यांच्यासाठीच हे लिहितेय.

एक मुलगा आहे, नदीकाठच्या वस्तीत राहणारा. अजून अक्षराला अक्षर जोडत वाचतो, त्यामुळे वर्गात सहसा तोंड उघडत नाही. फोन त्याच्यापाशी गेला तेव्हा त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "बाई, ही आपली मगर नाय." का रे? "आपल्या मगरीनं तोंड मिटलं तरी खालचा एक दात बाहेर दिसतो. हिचा दिसतच नाय." घरी जाऊन वाचलं. पोरगं बरोबर होतं. क्रोकोडाइल गटातल्या प्राण्यांचा खालच्या जबड्यातला चौथा दात तोंड मिटल्यावरही बाहेर दिसतो. आपली मगर त्याच गटातली. ॲपमध्ये जी होती ती ॲलिगेटर, अमेरिकेच्या दलदलीतली. तिचा वरचा जबडा रुंद असल्यामुळे खालचे दात आत झाकले जातात.

दुसरी गोष्ट सांगताना अजून वाईट वाटतं. मगर एका बाकाच्या पायाशी येऊन बसली, तर तिथल्या मुलीने दोन्ही पाय वर घेतले, डोळे मिटले आणि रडायला लागली. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात तिच्या घरात पाणी शिरलं होतं. रस्त्यांवर, सोसायट्यांत मगरी आल्याच्या बातम्या तेव्हा रोज होत्या. पाच-सहा वर्षांच्या मुलीने त्या पाण्यात काय काय ऐकलं असेल, हे मला आधी सुचायला हवं होतं.

आता प्रश्न. हे साधन पुन्हा वापरावं का? एका टॅबलेटवर ३४ मुलांना कसं सांभाळायचं? मराठीत, आपल्या गावाचं असं काही मिळतं का, की दर वेळी अमेरिकेची मगरच आणायची? अनुभव असलेल्यांनी मोकळेपणाने सांगा.

कोठी चार रस्ता

बाई, त्या मुलाला माझा नमस्कार सांगा. मी याच क्षेत्रात काम करतो, आणि मॉडेल बघताना दात तपासावा हे मला कधी सुचलं नसतं.

मगर तरंगत का होती ते आधी सांगतो, कारण हे कळलं की निम्मी अडचण सुटते. फोनला फरशी 'फरशी' म्हणून कळत नाही. कॅमेऱ्याच्या चित्रातले ठळक ठिपके तो शोधतो: कोपरे, डाग, रंग बदलतो त्या जागा. तुम्ही फोन हलवला की ते ठिपके चित्रात सरकतात. फोनमधला जायरोस्कोप आणि दुसरे सेन्सर सांगतात की फोन किती वळला, किती हलला. दोन्हींचा मेळ घालून तो ठरवतो की इथे एक सपाट जागा आहे. शाळेत बहुधा गुळगुळीत, एकरंगी फरशी असणार, वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. ठिपके मिळतच नाहीत, आणि मिळतात ते प्रतिबिंबाचे, जे आपल्याबरोबर सरकतात. म्हणून मगर भिंतीत जाते. उपाय फुकटचा आहे: जुनी वर्तमानपत्रं पसरा. छापील मजकुराइतके ठिपके दुसऱ्या कशात नाहीत. खिडकीतून उजेड येऊ द्या, आणि मॉडेल ठेवण्याआधी फोन सावकाश डावी-उजवीकडे फिरवा.

दुसरी पद्धत प्राथमिक वर्गाला जास्त सोयीची आहे. फरशी शोधायचीच नाही, एक छापील चित्र ठेवायचं. ते चित्र प्रोग्रामला आधीच माहीत असतं. ते कॅमेऱ्यात कसं तिरकं, किती लहान दिसतंय यावरून तो अंतर आणि कोन काढतो आणि वस्तू बरोबर त्या चित्रावर उभी करतो. पुस्तकात क्यूआर कोड असतात त्यातला हा प्रकार नाही. कोड नुसता दुवा उघडतो, व्हिडिओ पडद्यावर चालतो आणि पुस्तक बाजूला राहतं. इथे चित्र फिरवलं की वस्तू फिरते, म्हणजे वस्तू मुलाच्या हातात असते. जायरोस्कोप नसलेल्या स्वस्त फोनवरही हे चालतं, कारण सगळं काम कॅमेऱ्यावर होतं. माइंडएआर, एआर-जेएस अशी मुक्त साधनं आहेत, ब्राउझरमध्येच चालतात, ॲप उतरवायला लागत नाही.

एकच विनंती. ती चित्रं चकचकीत लॅमिनेट करू नका. आपल्याकडे शाळेचं काहीही टिकवायचं म्हटलं की पहिलं लॅमिनेशन होतं, आणि मग उजेडाची तिरीप पडली की कॅमेऱ्याला चित्र दिसत नाही. साध्या कागदावर छापा आणि पुठ्ठ्यावर खळीने चिकटवा.

जुना इंदूरकर

ताई, मी प्राथमिक शाळेत ३१ वर्षं घालवली, सगळी इंदुरात. तुमची पोस्ट दोनदा वाचली. ती मुलगी रडली याबद्दल तुम्ही स्वतःला बोल लावताय, पण तुम्ही ते पाहिलंत आणि इथे लिहिलंत, हे शिक्षकाचं लक्षण आहे.

माझं मत जरा वेगळं आहे. यंत्राला माझा विरोध नाही. पण वर्गात काहीही आणण्याआधी मी एक गोष्ट विचारायचो: हे मुलाला खरोखरीचं दाखवता येईल का? येत असेल तर चित्र नको, फिल्म नको, आणि हे नवीनही नको. बी कसं रुजतं हे दाखवायला आम्ही ओल्या फडक्यात मटकी बांधायचो. तिसऱ्या दिवशी मूळ आधी येतं की पान, यावर पोरं भांडायची. ते भांडण कुठल्याच पडद्यावर होत नाही, कारण पडद्यावर बी नेहमी बरोबर उगवतं. फडक्यातली चार कुजतात, दोन उगवतच नाहीत, आणि 'का?' तिथूनच निघतो. अपूर्णांक शिकवायला पोळी घ्यावी. पानाच्या शिरा बघायला पान घ्यावं.

आता तुमची मगर. तुम्हीच लिहिलंय की ती मुलांना पुलावरून दिसते. मग दिसणारीच गोष्ट फोनमध्ये कशाला आणली? धडा निवाऱ्याचा होता ना? मग तिचं घर कुठंय? ते मुलांना दिसतं का?

तिसरीच्या बाई

काका, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले. मगर नदीकाठच्या मातीत बीळ खणते. लांब, आत वळत गेलेलं. उन्हाळ्यात बाहेर तापलं की ती आतल्या गारव्यात जाऊन पडते. पुलावरून फार तर एक काळं भोक दिसतं, आणि तेही पाणी उतरलं तर. मी निवाऱ्याचा धडा शिकवायला गेले आणि निवारा सोडून बाकी सगळं दाखवलं.

कोठी चार रस्ता

काका, जिंकलात. मगर नको, काठ कापून दाखवू. केकचा तुकडा कापल्यासारखा मातीचा ठोकळा: वर गवत, खाली पाणी, आणि मधोमध आत गेलेलं बीळ. मॉडेल म्हणून हे काम मगरीपेक्षा कितीतरी सोपं आहे. अशी मॉडेल बनवायचं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर मोफत आहे. बाई, मी करून देतो. दोन रविवार द्या.

ग्रंथालयवाला

धागा फार आवडला. मीही बडोद्याचाच आहे, म्हणून एक आठवण करून देतो. हे शहर या वाटेने आधी गेलेलं आहे.

सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेली भागात सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू केलं, हे आपण शाळेत शिकलो. त्यापुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. शिकलेला माणूस पुन्हा निरक्षर होऊ नये म्हणून महाराजांनी ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना इथे आणलं. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. त्याच खात्यात दृश्य शिक्षणाची एक स्वतंत्र शाखा होती. मॅजिक लँटर्नच्या (काचेवरचं चित्र उजेडाने पडद्यावर मोठं दाखवणाऱ्या यंत्राच्या) काचपट्ट्या, चलच्चित्रं आणि स्टिरिओस्कोप असं साहित्य घेऊन ती माणसं लोकांपर्यंत जात.

स्टिरिओस्कोप म्हणजे जरा वेगवेगळ्या कोनांतून घेतलेले एकाच जागेचे दोन फोटो. डाव्या डोळ्याला एक, उजव्याला दुसरा, आणि मेंदू दोन्ही जुळवून खोली तयार करतो. ज्या माणसाने समुद्र पाहिला नाही त्याला समुद्र 'आत' दिसायचा. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, खेड्यात, कंदिलाच्या उजेडात जमलेल्या लोकांना. तेव्हा कोणी कोणाला मोबाइलचा नाद लागेल म्हणून घाबरत नव्हतं, कारण यंत्र एक होतं, बघणारे अनेक होते आणि जवळ उभं राहून समजावणारा एक माणूस होता. माझ्या मते तुमच्या 'एक टॅबलेट, ३४ मुलं' या अडचणीचं उत्तर त्यातच आहे. एकच यंत्र असणं हा तोटा समजू नका.

आणि जमलं तर मुलांना सयाजीबागेतल्या संग्रहालयात न्या. तिथे निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. त्याच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत मुलांना पावलं मोजायला लावा. त्यानंतर वर्गात त्याच सांगाड्यावर मांस-कातडी चढलेलं मॉडेल दाखवलंत तर ते कशावर चढलंय हे मुलांना ठाऊक असेल.

मांडवीची आई

मी शिक्षिका नाही, दोन मुलांची आई आहे. माझं म्हणणं थोडं अप्रिय वाटेल, पण मांडते.

माझ्या मुलीच्या आधीच्या शाळेत हे प्रकरण मोठ्या थाटात आलं होतं. शाळेचं नाव लिहीत नाही. एका कंपनीचे लोक आले, पालकसभेत डायनोसॉर नाचवला, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि फी वाढली. वर्षभरात मुलीने ते तीनदा पाहिलं. काय पाहिलंस विचारलं तर म्हणाली, "डायनोसॉर." त्याबद्दल काय कळलं? "तो मोठा होता." पैशाचं दुःख आहेच. पण त्याहून जास्त याचं आहे की तिच्या वर्गशिक्षिकेला त्यातलं काहीच स्वतः बदलता येत नव्हतं. कंपनीने दिलं तेच, तेवढंच आणि इंग्रजीत.

दुसरं. ही ॲप्स कॅमेरा मागतात, ते समजतं. पण लोकेशन आणि फोनमधले संपर्क कशाला? कॅमेऱ्यासमोर आमची मुलं असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असं म्हटलंय. शाळेने आम्हाला कधी विचारलं नाही. बाई, तुम्ही जे कराल ते आधी एका कागदावर लिहून पालकांना कळवा. नकार द्यायला म्हणून मी हे सांगत नाही. विचारलं तर आम्ही मदतच करू.

कोठी चार रस्ता

ताई, तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे. ब्राउझरमध्ये चालणारं पान आपण स्वतः बनवलं तर खातं उघडायला लागत नाही, नाव-वय काही भरायला लागत नाही. चित्र ओळखण्याचं सगळं गणित फोनमध्येच होतं, कॅमेऱ्यातलं दृश्य कुठे पाठवायची गरजच नसते. मी तसंच बनवतोय. तुम्हाला आधी दाखवीन, तुम्ही तपासा.

लष्करची लेक

ग्वाल्हेरहून. मी शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचं काम करते, म्हणून संशोधनाचं थोडं सांगते, मग आमच्या गावाचं.

या विषयावर अभ्यास भरपूर झालेत. २०१९ साली ६४ अभ्यासांचे निकाल एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात शिकण्यावर मध्यम स्वरूपाचा चांगला परिणाम दिसला. हे ऐकून लोक खूश होतात. पण असे बरेच प्रयोग थोड्या दिवसांचे असतात, आणि नव्या वस्तूचं अप्रूप कोणालाही चार दिवस असतंच. म्हणून मी प्रशिक्षणात नेहमी दुसरा, जुना अभ्यास सांगते. इंग्लंडमध्ये लुसिंडा केरावाला आणि सहकाऱ्यांनी केलेला, २००६ साली छापलेला. दहा वर्षांची मुलं, विषय पृथ्वी-सूर्य-दिवस-रात्र. काही मुलांना ऑगमेंटेड रिॲलिटीने शिकवलं, काहींनी नेहमीच्या पद्धतीने, स्वतः सूर्य-पृथ्वी बनून आणि साध्या वस्तू वापरून केलं. जास्त रमली ती दुसरी मुलं. कारण विचार करण्यासारखं आहे. यंत्राच्या तासाला शिक्षक 'हे बघा, आता ते बघा, हे काय आहे सांगा' असं विचारत होते आणि मुलं बघत होती. साध्या तासाला मुलं स्वतः हलत होती, ठरवत होती, चुकत होती. त्या संशोधकांनी मग सांगितलं की मुलांना स्वतः हाताळता येईल आणि शिक्षकाला आपल्या वर्गाप्रमाणे बदलता येईल असं साहित्य हवं. मांडवीच्या ताईंनी स्वतःच्या अनुभवातून नेमकं हेच लिहिलंय.

म्हणून माझी शिक्षकांना एकच विनंती असते: फोन उघडण्याआधी मुलांकडून चित्र काढून घ्या. 'आत काय असेल?' ते काढा. मग बघा. मग स्वतःच्याच चित्रात दुसऱ्या रंगाने दुरुस्ती करा. ही तीन पावलं झाली तर फोन पाच मिनिटं पुरतो. ती झाली नाहीत तर तास पुरत नाही.

आता गावाचं. आमच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात शून्य कोरलेलं आहे. देवळाच्या बागेची लांबी २७० हात, आणि रोज द्यायच्या ५० फुलमाळा. या दोन आकड्यांत लहानसं वर्तुळ आहे, तेच शून्य. जगभरातून गणिती ते बघायला येतात. मी माझ्या भाच्याला घेऊन गेले, आठ वर्षांचा. भिंतीवर ओळीच्या ओळी, जुनी लिपी, झिजलेला दगड. बराच वेळ शोधून म्हणाला, "मावशी, चल ना, नाहीये इथे." इतकं मोठं काहीतरी समोर असून मुलाला ते दिसत नाही, याचं मला फार लागलं. तिथे फोन धरल्यावर नुसते ते दोन आकडे उजळले आणि शेजारी आजचे २७० नि ५० आले, तर मूल दगडाकडेच बघत राहील, फक्त कुठे बघायचं ते त्याला कळेल. मला या तंत्राचा सर्वांत चांगला उपयोग हा वाटतो.

जुना इंदूरकर

लेकी, पाठ थोपटतो. आधी अंदाज, मग बघणं, हे आम्ही मटकीच्या फडक्यासाठी करत होतो, पण त्याला पद्धत म्हणतात हे माहीत नव्हतं. शून्याचं वाचून डोळे भरून आले.

कोठी चार रस्ता

तिसरीसाठी नाही, पण पाचवीच्या भूगोलासाठी सांगून ठेवतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत वाळूची पेटी बनवली गेली आहे. वर खोली मोजणारा कॅमेरा आणि प्रोजेक्टर, खाली वाळू. मुलं हाताने डोंगर करतात की वाळूवरच उंचीप्रमाणे रंग आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) उमटतात. दरी खणली की रेषा लगेच सरकतात. वाळूवर हात आडवा धरला की तिथे पाऊस पडतो आणि पाणी उतारावरून वाहतं. तिचं सॉफ्टवेअर खुलं आहे, आणि मुलांच्या हातात काहीच उपकरण नसतं, नुसती वाळू. बडोद्याच्या मुलांनी एका टोकाला पावागढ करावा, मधून विश्वामित्री काढावी, काठावर घरं ठेवावीत आणि मग पाऊस पाडावा. पाणी शहरात का शिरतं, हे त्यांनी पुरात भोगलंय. एकदा वरून बघायला मिळायला हवं.

तिसरीच्या बाई

तीन आठवड्यांनी येतेय. शाळेत परीक्षा आणि घरी लग्न होतं, त्यामुळे उशीर झाला. जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

आधी पालकांना चिठ्ठी दिली, मांडवीच्या ताईंनी सांगितलं तशी. मराठीत आणि गुजरातीत. सगळ्यांचा होकार आला. एका आजोबांनी खाली लिहून पाठवलं की लहानपणी नदीकाठी त्यांनी मगरीचं बीळ पाहिलंय, येऊन सांगू का? ते आले. अर्धा तास बोलले. हात पसरून तोंड किती रुंद ते दाखवलं, आणि त्या वासाचं वर्णन असं केलं की मुलांनी नाकं धरली.

मग चित्रं. 'मगरीचं घर आतून कसं असेल?' एवढंच विचारलं. ३४ चित्रांत ३४ घरं. बऱ्याच जणांनी नुसता खड्डा काढला. दोघांनी पलंग काढला. एकीने दोन दारं काढली, एक पाण्याकडे आणि एक पळून जायला. नदीकाठच्या त्या मुलाने बोगदा वरच्या अंगाला चढत नेला होता. का? म्हणाला, "पाणी वाढलं तर आत भरेल ना."

वर्गाचे सात गट केले, पाच-पाच मुलांचे, एक गट चार जणांचा. टॅबलेट एका कोपऱ्यात, खिडकीजवळ, पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदासमोर. बाकीचे गट दुसरी कामं करत होते: सुगरणीचं खरं घरटं हाताळणं (शाळेच्या कपाटात होतं, कित्येक वर्षांचं), मातीत बोगदा खणून बघणं, आजोबांनी सांगितलेलं लिहून काढणं. खरं सांगते, सगळ्यात जास्त गर्दी मातीपाशी होती. ओल्या मातीतला बोगदा टिकतो, कोरड्या मातीतला ढासळतो, हे त्यांचं त्यांना सापडलं, आणि मग मॉडेल बघताना पहिला प्रश्न आला, "बाई, ही माती ओली आहे का?" मॉडेल करणाऱ्या दादांना हे कळवलंय.

टॅबलेटपाशी दर गटाला सहा मिनिटं दिली. एकाने पुठ्ठा फिरवायचा, एकाने टॅबलेट धरायचा, बाकीच्यांनी बघून सांगायचं, मग अदलाबदल. पुठ्ठा फिरवला की काठ फिरतो आणि बिळाचं तोंड समोर येतं, तेव्हा प्रत्येक गटातून एक "ओऽऽ" ऐकू आला. नंतर हिरव्या पेन्सिलीने आपापली चित्रं सुधारली. दोन दारंवालीने दुसरं दार खोडलं नाही. म्हणाली, दादांना विचारा, नक्की नसतं का? विचारलंय.

सगळं सुरळीत झालं नाही. चौथ्या गटाच्या वेळी टॅबलेट तापून बंद पडला आणि पुढचं माझ्या फोनवर उरकलं. एक गट मातीतच इतका रमला की त्यांना मॉडेल दुसऱ्या दिवशी दाखवलं.

ती मुलगी. तिला मी आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं की यात मगर आहे, पण छोटी आहे, आणि नको असेल तर बघायचं नाही. दादांनी मगर मोठी-लहान करायची सोय ठेवली होती. तिने टॅबलेट स्वतःच्या हातात घेतला आणि मगर लहान करत करत मुंगळ्याएवढी केली. मग थोडी मोठी केली, तळहाताएवढी. बिळात नेऊन ठेवली आणि म्हणाली, "इतकीच राहू दे हिला." गटातल्या कोणीही ती मोठी केली नाही.

आता दात. दादांनी आमच्या मगरीला चौथा दात बसवलाय. मुलाने तीनदा तपासला आणि तिसऱ्यांदा मान हलवली. मॉडेलबरोबर बोलणारा आवाज हवा होता. मी लिहून दिलेलं वाच म्हटलं तर तो अडखळला, म्हणून कागद काढून घेतला आणि म्हटलं, तुला माहीत आहे ते सांग. एका दमात बोलला. मी ऐकून जसंच्या तसं उतरवतेय: "ही आपल्या विश्वामित्रीची मगर आहे. हिनं तोंड मिटलं तरी खालचा दात दिसतो. ऊन तापलं की ही आत जाऊन झोपते. हिच्या घरासमोर कचरा टाकायचा नाय."

तेच वाक्य मग मी फळ्यावर लिहिलं आणि त्याने ते वाचलं. स्वतःचंच होतं, तरी बोट ठेवून, अक्षरं जोडत, शेवटपर्यंत.

पुढच्या मंगळवारी दुसरीचा वर्ग बघायला येणार आहे. टॅबलेट तोच मुलगा धरणार आहे. ग्रंथालयवाले दादा, संग्रहालयाच्या सहलीसाठी आमच्याबरोबर याल का? देवमाशाची पावलं मोजायची आहेत, आणि ३४ मुलांना सांभाळायला मी एकटी पुरणार नाही.

ग्रंथालयवाला

येतो बाई. तारीख कळवा. स्टिरिओस्कोपसारखं एखादं खेळणं पुठ्ठ्याचं करून आणतो, दोन डोळ्यांनी खोली कशी दिसते ते सांगायला.